शंकरशेट घराण्याचे आडनाव

आपल्या दैवज्ञ ज्ञातीत शंकरशेट हे आडनाव विरळा आढळते. तथापि त्याचा लौकिक साऱ्या महाराष्ट्रात आहे. हे त्या घराण्याचे मूळ आडनाव मात्र नव्हे. घराणे मुरकुट्यांचे.

अठराव्या शतकात हे घराणे मुंबईस व्यापारात नावारूपास आले. नानांचे पणजोबा गणबाशेट; कोटातील ‘गनबो स्ट्रीट’ हे नाव त्यांच्याच नावाचा अपभ्रंश मानले जाते. गणबाशेटांचे पुत्र बाबुलशेट, त्यांचे शंकरशेट, आणि शंकरशेटांचे पुत्र जगन्नाथ ऊर्फ नाना. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला.

त्या काळी मुंबईत स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लावून व्यवहार करण्याची चाल होती. दादोबा पांडुरंग हे तर्खडकर, भाऊ दाजी हे लाड. पण लोकांच्या तोंडी त्यांची आडनावे क्वचितच येत. त्याच चालीने नाना जगन्नाथ शंकरशेट झाले.

१८२२ मध्ये पित्याचे छत्र हरपले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. पेढीचा भार सांभाळून त्यांनी मुंबईत इंग्रजी व देशी शिक्षणाचा पाया घालण्यास साह्य केले. १८४५ मध्ये रेल्वेच्या उभारणीसाठी ते पुढे सरसावले. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेस लोकांचा विरोध असताना त्यांनी आपल्या वाड्यात तिला जागा दिली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळविणे हा विद्यार्थ्यांना मोठाच बहुमान वाटे.

पित्याचे नाव एरवी एका पिढीपुरतेच चालते. मुलाच्या नावापुढून ते नातवाच्या नावापुढे जात नाही. येथे मात्र पुत्राच्या कर्तृत्वाने ते वंशजांचे आडनाव झाले, आणि मुरकुटे हे नाव मागे पडले. पितृऋण फेडण्याचा याहून थोर प्रकार आम्हांस ठाऊक नाही.

यातून एक बोधही घ्यावयाचा आहे. नानांचे मूळ आडनाव ते थोर म्हणून टिपले गेले. सामान्य कुटुंबांची जुनी आडनावे मात्र वृद्धांबरोबर लोपतात. यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपले मूळ आडनाव, गाव, कुलदैवत आणि निदान चार पिढ्यांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.