बाबासाहेबांचे वाचन आणि महाडचा मांडव

महाड-पोलादपूरच्या मुलखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की प्रथम चवदार तळे डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. आमच्या वसतिगृहातील मुलांना मात्र आम्ही त्यांची आणखी एक ओळख करून देऊ इच्छितो. आपण जे वाचले ते आपल्या माणसांपुढे मांडणाऱ्या वाचकाची ही ओळख आहे.

या वाचनाचा पाया घरातच घातला गेला. सुभेदार रामजी सकपाळ मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावास अभ्यासाला उठवीत. पुस्तकास पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण पडे, पण पुस्तक घरात येई.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे नेहमी येणारे शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या नजरेस तो पडला. त्यांनी चौकशी केली, काय वाचावे ते सांगितले आणि आपल्याजवळची पुस्तके वाचावयास दिली. पुढे परीक्षेतील यशाबद्दल समाजाने भीमरावाचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. ते वाचून झाल्यावर मुलाने वडिलांनाच प्रश्न केला की, आजवर बुद्धाचे वाङ्मय आपण आम्हांस का दिले नाही? सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळण्यासाठी शब्द टाकणारेही केळूसकरच. तरी त्यांचे हे पहिले दान आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पोट मारून ग्रंथ घेतले. १९१७ साली मायदेशी परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान पाणतीराच्या माऱ्यात समुद्रात गेले. पुन्हा लंडन गाठल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंतचा दिवस जाई. खरे सांगावयाचे तर ग्रंथ उसने देण्यास ते फारसे राजी नसत. ग्रंथांतील ज्ञान मात्र त्यांनी कधीच कुलुपात ठेवले नाही.

याची साक्ष महाडनेच पाहिली आहे. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी घेतले गेले. दोन आठवड्यांतच, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. मग डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली. मुंबईचे सत्याग्रही बोटीने दासगावास उतरले व पायी महाडास आले. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची तात्पुरती मनाई झालेली होती. २५ डिसेंबरच्या सायंकाळी अध्यक्षपदावरून बाबासाहेब बोलू लागले ते १७८९ सालच्या फ्रान्सविषयी! कोकणातील शेतकरी, मजूर आणि पेन्शनर शिपाई यांच्यापुढे त्यांनी व्हर्सायच्या राष्ट्रसभेचा इतिहास उलगडला आणि महाडची ही सभा त्याच तोलाची आहे, असे सांगितले. तळ्याच्या पाण्याने कोणी अमर होणार नाही, आपणांस समतेची मुहूर्तमेढ रोवायची आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. मग माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा ठराव झाला.

त्या रात्री नऊच्या सुमारास मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. दरवर्षी २५ डिसेंबरला आम्हांस ज्वाळा आठवतात, त्याआधीचा तो इतिहासाचा पाठ मात्र बहुधा विसरला जातो. ग्रंथांवर असे जीव टाकणाऱ्या माणसाने एक ग्रंथ जाळण्यास संमती दिली, हे आमच्या मुलांना कोड्यासारखे वाटते. त्यांनी तो ग्रंथ बारकाईने वाचला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे कोडे उरत नाही. पुढेही आयुष्यभर त्या ग्रंथाची चिकित्सा त्यांच्या लेखनातून चालूच राहिली.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेही ग्रंथसंग्रहाच्या सोयीने. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ तेथील विद्यार्थ्यांच्या हाती आले.

अखेरच्या काळात त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध केला. बुद्धाकडे आपण कसे वळलो, हे प्रस्तावनेत लिहिताना त्यांनी सत्काराची ती सभा आणि दादा केळूसकरांनी दिलेले ते चरित्र यांची हकीकत दिली. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने त्यांच्या उशाशी होती. पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.