पिकते तिथे विकत नाही

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात १८८२ साली जन्मलेले जिमी होगन फुटबॉलपटू म्हणून सामान्यच. बर्नली, फुलहॅम, बोल्टन असे क्लब ते बदलत राहिले. फटका का चुकला हे त्या काळी तिथे कोणी समजावून सांगत नसे. होगन मात्र त्याचे कारण शोधत.

१९१० मध्ये ते प्रशिक्षक म्हणून हॉलंडला गेले, पुढे व्हिएन्नाला. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. अशा बिकट प्रसंगी बुडापेस्टच्या एमटीके क्लबने त्यांना आसरा दिला. तेथील तरुणांना त्यांनी चेंडू ताब्यात ठेवणे आणि जमिनीलगत अचूक पास देणे शिकवले. युद्धानंतर मायदेशी मात्र उपेक्षाच वाट्याला आली.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले आणि श्रेय होगन यांना दिले. ७१ वर्षांचे होगन तेव्हा प्रेक्षकांत बसले होते. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

संघात निवड न झालेला विद्यार्थीही आपले काय चुकले असे विचारत असेल, तर त्याला नीट उत्तर देणे हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.