क्रिस्टोफर शोल्स: ज्यांचा कीबोर्ड अजून आपल्या टेबलावर आहे

छत्रपती संभाजीनगरात ज्यांनी मराठी ३०, इंग्रजी ४० च्या टायपिंगचे क्लास केलेत, त्यांना रेमिंग्टन हे नाव पाठ असतं. मराठीच्या जुन्या लेआउटला आजही हेच नाव आहे. पण रेमिंग्टन ही कंपनी. टाइपरायटर मुळात क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांचा.

शोल्स १८१९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मले. छापखान्यात उमेदवारी केली, मग विस्कॉन्सिनमध्ये वर्तमानपत्र चालवलं आणि तिथल्या विधिमंडळातही गेले. केनोशात १८५१ मध्ये झालेल्या एका जाहीर फाशीनंतर त्यांनी या शिक्षेविरुद्ध जोर लावला. १८५३ मध्ये त्या राज्यात फाशी रद्द झाली. माझ्या मते हे त्यांचं टाइपरायटरपेक्षा मोठं काम, पण नाव राहिलं ते यंत्रामुळे.

पुढे मिलवॉकीत ते पानांवर आकडे छापायचं यंत्र बनवत होते. कार्लोस ग्लिडन यांनी सुचवलं, आकडे छापता येतात तर अक्षरं का नाहीत? १८६८ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा बटणं पियानोसारखी होती. क्वर्टी क्रम पुढच्या काही वर्षांत बदलत बदलत तयार झाला. दांडे अडकू नयेत म्हणून टायपिंग मुद्दाम हळू केलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही. १८७३ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनशी करार झाला आणि १८७४ मध्ये मशीन बाजारात आलं. फक्त कॅपिटल अक्षरं, आणि टाईप केलेलं लगेच दिसायचंही नाही! शोल्स यांनी आपला हक्क एकरकमी विकून टाकला होता. ते मात्र शेवटपर्यंत सुधारणा करत राहिले. १८९० मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. १८९६ मध्ये त्यांच्या नावावर मंजूर झालेल्या पेटंटमधला क्रम क्वर्टीपेक्षा वेगळा होता, पण तो कुणी घेतला नाही.

आता आपल्या पीसीकडे या. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, फक्त बटणाचा कोड पाठवतो. त्या कोडचं अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. म्हणून गोल पिनचा जुना पीएस/२ कीबोर्डही नव्या विंडोजवर चालतो. फक्त साधा स्वस्त अडॅप्टर प्रत्येक कीबोर्डला चालत नाही. आत चिप असलेला यूएसबी कन्व्हर्टर घ्या.

मराठीत अडचण बटणांची नाही, क्रमाची आहे. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, मग वेलांटी. विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे. त्यावर रेमिंग्टनची सवय असलेला माणूस बसला की वीस वर्षांचा स्पीड एका दिवसात शून्य! त्याला इनस्क्रिप्ट शीक म्हणण्याआधी इंडिक इनपुटसारखं सॉफ्टवेअर टाकून त्यात रेमिंग्टन लेआउट निवडून द्या. बोटं जुन्या क्रमानेच चालतील, वेलांटी योग्य जागी नेण्याचं काम सॉफ्टवेअर करेल. फॉन्ट मात्र मंगलसारखा युनिकोडच ठेवा, नाहीतर फाईल दुसऱ्या पीसीवर उघडल्यावर मजकूर वाचता येणार नाही.