न्हाणीघर की चित्र?

1937 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने एका चित्रासाठी 1,10,000 डॉलर मोजले. जागतिक मंदीची झळ अद्याप ओसरली नव्हती. शहरातील हजारो घरांत स्नानाचे टबही नसताना नदीकाठी स्नान करणाऱ्या स्त्रियांचे चित्र घ्यावे काय, असा सवाल तेथील एका दैनिकाने केला. बोळिंजच्या रहिवाशांना तो परका वाटू नये. येथे म्हाडाने उभारलेली हजारो घरे दीर्घकाळ ग्राहकांविना पडून राहिली, त्याचे एक कारण पाण्याची टंचाई हेच होते.

त्या चित्राचा कर्ता पॉल सेझान 1839 मध्ये दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी जन्मला. वडील टोप्यांचे व्यापारी, पुढे पेढीचे मालक. बालमित्र एमिल झोला याच्यासह आर्क नदीत मनसोक्त डुंबणाऱ्या या मुलाने कायदा शिकावा, ही पित्याची इच्छा. मुलगा मात्र 1861 मध्ये पॅरिस गाठून चित्रकार झाला. तेथील अधिकृत प्रदर्शनाने त्याची चित्रे वर्षानुवर्षे नाकारली. अपवाद फक्त 1882 चा. चरितार्थ पित्याकडून येणाऱ्या रकमेवर चाले. ती बंद होईल या धास्तीने त्याने आपली सहचरी व 1872 मध्ये झालेला मुलगा यांचे अस्तित्व पित्यापासून लपविले. 1886 मध्ये पिता निवर्तला आणि वारसाहक्काने आर्थिक स्वास्थ्य लाभले. पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले ते 1895 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. बालपणीची नदी मात्र मनातून आटली नाही. या भव्य स्नानचित्रावर तो सुमारे सात वर्षे खपत होता. 1906 मध्ये मृत्यूसमयीही ते अपूर्णच होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे तीस वर्षे मागणी नसलेले उत्पादन होय. उद्याचे मूल्य बाजाराला आज कळत नाही; तोवरच्या प्रतीक्षेचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. सेझानसाठी तो पित्याच्या पेढीने सोसला. कारकुनाच्या मुलामागे पेढी नसते. त्याला आधार असतो तो शाळेतील चित्रकला-शिक्षकाचा आणि सार्वजनिक संग्रहालयाचा.

फिलाडेल्फियातील ती रक्कम कलाकृतींच्या खरेदीसाठीच ठेवलेल्या देणगीतील होती. चित्र न घेतल्याने एकही न्हाणीघर उभे राहिले नसते. पाणी पुरविणे हे शासनाचे कर्तव्यच आहे आणि ते ठणकावून मागितले पाहिजे. परंतु टंचाईच्या नावाखाली चित्रकलेचा तास अनावश्यक ठरविणाऱ्यांना एवढेच विचारावे, की त्या तासाच्या बचतीतून आजवर कोणत्या नळाला पाणी आले?