तीन अटींचा छायाचित्रकार

वर्ध्यात राहून जंगलातले फोटो काढणाऱ्या माणसाला एक प्रश्न बाराही महिने विचारला जातो. लेन्स कोणती घेऊ? सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हापासून तर फारच. जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचे हे जंगल, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण सुटीच्या दिवशी फाटकावर उभ्या असलेल्या जिप्सींमध्ये हाताएवढ्या लांबीच्या झूम लेन्स पाहिल्या की वाटावे, एखादी तोफखान्याची तुकडीच निघाली आहे. विचारणाऱ्याला मी उत्तर देतोच. पण त्याआधी बोर धरणापासून तासाभराच्या रस्त्यावर, सेवाग्रामला, दहा वर्षे फोटो काढणाऱ्या एका माणसाची हकिकत सांगतो. त्याचे नाव कनू गांधी.

नावाने पुष्कळांचा घोटाळा होतो. जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींची काठी धरून पुढे धावणारा जो छोटा मुलगा आपण पाहतो, तोही कनूच. पण तो गांधीजींचा नातू, रामदासभाईंचा मुलगा. आपले कनूभाई नारणदास गांधींचे चिरंजीव, नात्याने गांधीजींच्या पुतण्याचे पुत्र. जन्म १९१७ चा. डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. आईवडिलांनी मात्र मुलाला गांधीजींकडे पाठवले. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले होते. गावाला सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळाले. कनूभाईंच्या वाट्याला इथे आले ते कारकुनाचे काम. पत्रव्यवहार पाहायचा, हिशेब ठेवायचे, पडेल ते करायचे.

फोटोचा नाद त्यांना वर्ध्यातच लागला. तो लावला विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी. आता कॅमेरा हवा म्हटल्यावर गांधीजींनी साफ नकार दिला. आश्रमाचा पैसा लोकांचा, तो असल्या हौसेसाठी खर्चता येणार नव्हता. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये भेट दिले. त्यातून एक रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. फोटोसाठी मला अमुक तसे बसा असे सांगायचे नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रमावर पडता कामा नये.

माझ्या मते लांब पल्ल्याची लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाला या तीन अटींपेक्षा चांगला सल्ला कोणत्याही दुकानात मिळणार नाही. त्या एकेक करून पाहू.

पहिली अट प्रकाशाची. बापू कुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कनूभाईंची अडचण सांगावी लागणार नाही. मातीच्या भिंती, खाली उतरलेले कौलारू छप्पर, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्या काळातली फिल्म आजच्या मानाने फारच मंद. फ्लॅशची बंदी. मग शटर सावकाश चालवावे लागे आणि समोरचा माणूस हलला की चित्रही हले. त्यांच्या कित्येक फोटोंत हात पुसट आले आहेत, कोपरे काळोखात बुडाले आहेत. पण उजेड कुठून येतो, केव्हा येतो आणि कोणावर पडतो, याचा अभ्यास त्या सक्तीनेच घडवला.

जंगलातही हीच कथा. १५० ते ६०० मिलिमीटरची जी झूम लेन्स आज लाख-दीड लाखाच्या घरात मिळते, तिचे अपर्चर शेवटच्या टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडते. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी, वाघ हिंडतो नेमक्या त्याच वेळी, तिच्यात उजेड कमी शिरतो. एफ ४ ची स्थिर लेन्स सव्वापटीहून अधिक उजेड घेते, अगदी अडीचपट. पण तिची किंमत दहा लाखांच्या पुढे. वर टेलिकन्व्हर्टर लावाल तर पल्ला वाढतो आणि उजेड आणखी घटतो. तेव्हा ६०० मिलिमीटरवर शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागाइतके तरी हवे, हे गणित धरूनच कॅमेऱ्याचा आयएसओ चढवावा. चित्रात थोडे दाणे आले तरी चालतील. लेन्समधली कंप रोखणारी यंत्रणा तुमचा हात सावरते. हरणाची उडी थांबवणे तिच्या हातात नाही. जिप्सीच्या दांड्यावर कडधान्याने भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा आणि इंजिन बंद करायला सांगा, यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. आणि विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमिनीवरून वाफा निघू लागल्या, की दूरच्या प्राण्याचे चित्र थरथरते. तिथे कितीही महागाची काच लाचार असते.

दुसरी अट सांगायला सोपी, पाळायला कठीण. कनूभाई गांधीजींना मान वळवा असे सांगू शकत नव्हते. रोलिफ्लेक्स हा एकावर एक दोन भिंगे असलेला कॅमेरा. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्यातून चित्र उमटायचे. तो पोटाशी धरून वरून काचेत डोकावायचे; त्या काचेत डावे ते उजवे दिसते. भिंग साधारण ७५ मिलिमीटरचे आणि कायमचे बसवलेले, बदलायची सोय नाही. दूरचे जवळ आणायचे तर स्वतः जवळ जावे लागे, आणि जवळ जायचे तर कामात अडथळा न होता. कनूभाईंना हे साधले याचे कारण कॅमेऱ्यात शोधू नये. ते दिवसभर तिथेच वावरत, हिशेब लिहीत, निरोप पोचवत. त्यांच्या असण्याची सर्वांना इतकी सवय झाली होती की फोटो काढणारा कनू आणि पत्रे लावणारा कनू यांत कोणी फरक करीत नसे. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. असा क्षण बाहेरून तासाभरासाठी आलेल्या बातमीदाराला मिळत नाही.

आता ६०० मिलिमीटरची लेन्स पाहा. ती जेमतेम चार अंशांचा तुकडा दाखवते. कनूभाईंच्या भिंगाला पन्नासहून अधिक अंश दिसत. लांब लेन्स अंतर मिटवते ते फक्त पाहणाऱ्यापुरते. वाघिणीच्या लेखी जिप्सी जिथे उभी आहे तिथेच असते. तिने कान मागे टाकले, चालता चालता दिशा बदलली, पाण्याला न शिवता परत फिरली, तर आपण नको तितके जवळ आहोत असे समजावे. लेन्स मागे घ्यायची नसून गाडी मागे घ्यायची असते. झूमचा खरा उपयोगही इथेच आहे. रस्ता सोडता येत नाही, गाडीतून उतरता येत नाही. प्राणी कधी पंधरा मीटरवर येतो, कधी दीडशे मीटरवर थांबतो. पल्ला कमी-जास्त करण्याची सोय असली की गाईडला गाडी पुढे घ्या म्हणून भरीला घालण्याचे कारण उरत नाही. हाका मारून, टाळ्या वाजवून मान वळवायला लावणे म्हणजे दुसरी अट मोडणेच.

तिसरी अट पैशाची. वृत्तपत्रांना फोटो विकून कनूभाईंनी आपला खर्च भागवला. रोलिफ्लेक्सच्या एका गुंडाळीत चौकोनी बाराच चित्रे येत. आजचा कॅमेरा तेवढी चित्रे एका सेकंदात संपवतो. प्रत्येक चित्राला पैसे पडतात म्हटल्यावर माणूस बोट दाबण्याआधी विचार करतो. म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, कर्ज काढून लेन्स घेऊ नका. जुनी, नीट तपासलेली घ्या. काचेत बुरशी नाही ना, फोकस अडत नाही ना, ते उजेडात धरून बघा. दोन किलोचे वजन तासभर हातात पेलते का, हेही दुकानातच ठरवा. उरलेल्या पैशात बोरच्या चार फेऱ्या जास्त होतील. कर्ज फेडायला विकला जाईल असा फोटो हवा या घाईने जंगलात गेलेला माणूस समोर दिसते ते पाहू शकत नाही.

या तिन्हींपलीकडे एक न सांगितलेली अट होती, आणि तिची कसोटी १९४४ च्या फेब्रुवारीत लागली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. गांधीजींच्या मांडीवर त्यांचे डोके होते. कनूभाई तिथे होते. तो फोटो काढायला गांधीजींनी मनाई केली आणि कनूभाईंनी तो काढला नाही. घरट्यावर बसलेली पक्षीण, डोळे न उघडलेली पिल्ले, जखमी जनावर समोर येते तेव्हा मला हा न काढलेला फोटो आठवतो. हात लेन्सवरून काढून घ्यायला मला अजूनही कष्ट पडतात.

३० जानेवारी १९४८ रोजी कनूभाई दिल्लीत नव्हते. ते नोआखलीत, दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या गावांत काम करत होते. त्यांच्या पत्नी आभाबेन मात्र त्या संध्याकाळी गांधीजींच्या शेजारी चालत होत्या. दहा वर्षे सावलीसारखा वावरलेला छायाचित्रकार त्या क्षणी शेकडो मैल दूर होता, कारण गांधीजींनीच सोपवलेले काम तिथे चालू होते.

पुढे दोघे राजकोटकडे गेले. १९३९ च्या सत्याग्रहात कस्तुरबांना जिथे नजरकैदेत ठेवले होते, त्या त्रंबा गावी त्यांनी कस्तुरबाधाम चालवले. १९८६ च्या फेब्रुवारीत उत्तरेत यात्रेला गेले असता हृदयविकाराने कनूभाई गेले. आभाबेन १९९५ साली गेल्या. कनूभाईंची सुमारे दोन हजार चित्रे मागे राहिली. जर्मनीच्या पीटर र्‍यूहे यांनी ती जमवली, आणि दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यातली निवडक चित्रे २०१५ साली पुस्तकरूपाने काढली, तेव्हा कुठे त्यांचे नाव फोटोंच्या खाली ठळकपणे दिसू लागले. तोवर देशाने ती चित्रे वर्षानुवर्षे पाहिली होती, भिंतींवर लावली होती. काढली कोणी, हे विचारायचे बहुतेकांना सुचले नव्हते.