ओटो वॉरबर्ग : पानातला बग पहिल्यांदा मोजणारा माणूस

तापमान वाढलं की पिकाचं उत्पादन घटतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाणी कमी पडतं, फुलं गळतात, दाणा भरत नाही. पण यातलं एक कारण डोळ्यांना दिसत नाही. पाणी आणि खत अगदी वेळेवर दिलं तरी, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं पानातलं एन्झाइम उष्णतेत जास्त चुका करायला लागतं. या एन्झाइमचं नाव रुबिस्को. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते मधूनमधून ऑक्सिजनच पकडतं. मग झाडाला एक नको असलेला पदार्थ निस्तरत बसावं लागतं. त्यात ऊर्जा जाते आणि आधी कमावलेला थोडा कार्बनही हवेत परत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोडमधला बग आहे. रुबिस्को घडलं तेव्हा पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. म्हणजे ही टेस्ट केस कधी आलीच नाही!

हा बग दुरुस्त करून उष्णतेत टिकणारी पिकं बनवण्यावर सध्या बरंच काम चाललंय. पण त्याचा परिणाम पहिल्यांदा मोजला गेला १९२० मध्ये, बर्लिनमध्ये. मोजणाऱ्याचं नाव ओटो वॉरबर्ग. गूगलवर वॉरबर्ग इफेक्ट शोधलंत तर पहिल्या पानावर सगळं कॅन्सरबद्दल येईल. मीसुद्धा तिथेच सुरुवात केली होती. त्याच्या नावाचा दुसरा, वनस्पतींमधला इफेक्टही आहे हे मला बरंच उशिरा कळलं.

ओटोचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ चा, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातला. वडील एमिल वॉरबर्ग हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. आइनस्टाइनचा एक नियम आहे, की प्रकाशाने होणाऱ्या रासायनिक क्रियेत एक फोटॉन एका रेणूवर काम करतो. तो प्रयोगाने तपासून पाहणाऱ्यांत एमिल आघाडीवर होते. आइनस्टाइन आणि प्लांकसारख्या मंडळींची घरी ऊठबस. प्रकाश मोजायचा, फोटॉन मोजायचे, ही सवय मुलाला घरातूनच लागली.

शिक्षण तर डबल. एमिल फिशरकडे रसायनशास्त्रात १९०६ मध्ये डॉक्टरेट, मग १९११ मध्ये हायडेलबर्गहून वैद्यकशास्त्रात दुसरी. मधल्या काळात नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात जाऊन त्याने समुद्री साळिंद्राची अंडी फलनानंतर किती पटीने जास्त ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळा सोडून तो घोडदळात गेला, जखमी झाला, शौर्यपदकही मिळालं. १९१८ मध्ये आइनस्टाइनने त्याला पत्र लिहिलं. आशय असा, की तुझी जागा दुसरा कोणीही भरून काढेल, पण तुझं डोकं देशाकडे दुसरं नाही, तेव्हा परत ये. तो परत आला. घोड्यावरची रपेट मात्र त्याने म्हातारपणापर्यंत सोडली नाही.

आता त्याच्या उपकरणाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. काचेचं एक छोटं भांडं. त्याला जोडलेली यू आकाराची बारीक नळी, नळीत रंगीत द्रव. भांड्यात जिवंत पेशींचं पाणी. भांडं स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवून सतत हलवत ठेवायचं. पेशींनी वायू सोडला की आतला दाब वाढतो आणि नळीतला द्रव सरकतो. किती सरकला यावरून वायू किती ते काढायचं. हाच वॉरबर्ग मॅनोमीटर. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये तो असायचाच. आज आपण सेन्सर लावून सेकंदाला हजार रीडिंग घेतो. हा माणूस द्रवाची पातळी डोळ्यांनी वाचायचा.

त्याची दुसरी हुशारी म्हणजे त्याने निवडलेला जीव. आख्खं पान मोजायला किचकट असतं. जाड, असमान, रंध्रं मनाला येईल तशी उघडझाप करणारी. त्याऐवजी त्याने क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शेवाळ घेतलं. ते पाण्यात सारखं पसरतं, झटपट वाढतं आणि प्रत्येक पेशीला प्रकाश मिळतो. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात क्लोरेला आणलं ते त्यानेच.

या क्लोरेलावर काम करताना त्याला दिसलं, की भोवतालचा ऑक्सिजन वाढवला की प्रकाशसंश्लेषणाचा वेग घटतो. निष्कर्ष १९२० मध्ये छापून आला. जी क्रिया ऑक्सिजन तयार करते, तिलाच ऑक्सिजन का नडावा? उत्तर द्यायची साधनंच तेव्हा नव्हती. रुबिस्को नावाचं काही असतं हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. बग रिपोर्ट फाइल झाला आणि ५० वर्षं ओपन राहिला.

वॉरबर्ग तोवर दुसरीकडे वळला. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवत बसतात हे त्याने दाखवलं, आणि तोच प्रसिद्ध वॉरबर्ग इफेक्ट. पेशींच्या श्वसनातलं मुख्य एन्झाइम उलगडल्याबद्दल १९३१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून बर्लिनच्या डालेम भागात त्याची स्वतःची संस्था उभी राहिली. लग्न केलं नाही. याकोब हाइस हा सोबती पन्नासेक वर्षं, शेवटपर्यंत, त्याच्याबरोबर राहिला.

वडील ज्यू घराण्यातले असूनही तो नाझी जर्मनीत राहिला. १९४१ मध्ये त्याला पदावरून काढलं आणि काही आठवड्यांतच परत घेतलं, कारण कॅन्सरवरचं संशोधन सत्तेला हवं होतं. कितीतरी ज्यू सहकारी देश सोडून गेले, हा आपली प्रयोगशाळा धरून बसला. त्याबद्दल नंतर त्याच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असं मला वाटत नाही.

पण त्याची सगळ्यात लांबलेली लढाई एका आकड्यासाठी होती. ऑक्सिजनचा एक रेणू तयार करायला वनस्पतीला किती फोटॉन लागतात? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि एर्विन नेगेलाइनने उत्तर काढलं, सुमारे ४. ही नुसती हौसेची मोजणी नव्हती. ४ फोटॉन लागत असतील तर लाल प्रकाशातली सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा साखरेत साठते. ८ लागत असतील तर एक तृतीयांश. एखादं पीक जास्तीत जास्त किती पिकू शकतं याचं छतच या आकड्यावर ठरतं.

त्याच्याकडे बर्लिनमध्ये डॉक्टरेट केलेला अमेरिकन विद्यार्थी रॉबर्ट एमर्सन याने पुढे हीच मोजणी पुन्हा केली. त्याला उत्तर मिळालं ८ ते १२. चूक कुठे आहे हेही त्याने शोधलं. मॅनोमीटर फक्त एकूण दाब दाखवतो, वायू कोणता ते नाही. अंधारातल्या पेशींवर प्रकाश टाकला की पहिली काही मिनिटं त्या कार्बन डायऑक्साइडचा एक लोट सोडतात. तो ऑक्सिजन म्हणून मोजला गेला, तर कमी फोटॉनमध्ये जास्त ऑक्सिजन झाल्यासारखं दिसणार. म्हणजे सेन्सर बरोबर, रीडिंग बरोबर, पण कॉलमचं नावच चुकीचं! डेटावर काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून कसंतरी होईल.

वॉरबर्गने ते मानलं नाही. १९४८ मध्ये तो अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथे एमर्सनकडे जाऊन राहिला. एकाच छताखाली प्रयोग करून वाद मिटवायचा बेत होता. वाद मिटला नाही, कडवटपणा वाढला आणि तो काही महिन्यांनी निघून गेला. १९५९ मध्ये एमर्सन विमान अपघातात गेला. पुढे प्रकाशसंश्लेषणात दोन प्रकाशयंत्रणा एकापाठोपाठ काम करतात हे स्पष्ट झालं. प्रत्येकीला ४ फोटॉन लागतात, म्हणजे किमान ८. विद्यार्थी बरोबर होता. गुरूने आपला आकडा शेवटपर्यंत सोडला नाही.

मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. या भांडणाच्या काळातच, १९६० मध्ये, वॉरबर्ग आणि त्याचा सहकारी क्रिपाल यांनी क्लोरेला ग्लायकोलिक आम्ल बनवतं, असा शोधनिबंध छापला. हे आम्ल म्हणजे रुबिस्कोच्या चुकीतून निघणारा तोच नको असलेला पदार्थ. बगचं लक्षण त्याने १९२० मध्ये पाहिलं, बगचा कचरा १९६० मध्ये पाहिला. दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात होती आणि गाठ काही बसली नाही. १ ऑगस्ट १९७० ला, ८६ व्या वर्षी, तो बर्लिनमध्ये वारला.

उत्तर पुढच्याच वर्षी आलं, आणि आलं ते अर्बानामधूनच. १९७१ मध्ये तिथल्या जॉर्ज बोज आणि विल्यम ऑग्रेन यांनी दाखवलं, की रुबिस्कोच्या एकाच जागेसाठी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची स्पर्धा असते. त्यांचं काम होतं सोयाबीनवर.

तापमानाचा संबंध इथे येतो. पाणी तापलं की दोन्ही वायू कमी विरघळतात, पण कार्बन डायऑक्साइडची घट जास्त वेगाने होते. शिवाय गरम झालेलं रुबिस्को दोघांत फरक करायलाही कमी पडतं. म्हणजे उकाड्यात दुहेरी तोटा. अमेरिकेपुरता अंदाज असा आहे, की प्रकाशश्वसनामुळे सोयाबीनचं उत्पादन ३६ टक्के आणि गव्हाचं २० टक्के कमी होतं. आपल्याकडचं सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, भात, कांदा ही सगळी याच गटातली. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी उत्क्रांतीत यावर तोडगा काढलाय. ती रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटीने भरून ठेवतात, म्हणून उन्हात जास्त टिकतात.

बाकीच्या पिकांसाठी सध्याचा उपाय म्हणजे बायपास. ग्लायकोलिक आम्ल निस्तरायला पेशीत हरितलवकाबाहेर दोन ठिकाणी फिरवून परत आणावं लागतं. हा फेरा महाग पडतो. अर्बानातल्या रिपे या प्रकल्पाने तंबाखूत एका शेवाळाचं आणि भोपळ्याचं जनुक घालून ते आम्ल हरितलवकाच्या आतच संपवायची सोय केली आणि बाहेर जायचा दरवाजा जवळपास बंद केला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार शेतातली ही झाडं साध्या तंबाखूपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भरली. पुढच्या चाचणीत शेतावर हीटर लावून तापमान ५ अंशांनी वाढवलं, तेव्हाही या झाडांचं नुकसान कमी झालं. मग बटाटा. २०२४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, उष्णतेच्या लाटा झेललेल्या शेतात बदललेल्या बटाट्यांचं वजन साध्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरलं.

ही झाडं अजून प्रयोगाच्या शेतातच आहेत, बाजारात बियाणं नाही. तंबाखू निवडली कारण तिच्यात जनुकं घालणं सोपं. सोयाबीन आणि भातासारख्या पिकांवर अजून बरंच काम बाकी आहे. त्यांच्या हरितलवकांत साठणारं ते आम्ल मोजताना आता मॅनोमीटर लागत नाही, पण क्लोरेला तिथल्या प्रयोगशाळांमध्ये अजूनही सापडेल.