कामगारांचे वकील : ठाकूर प्यारेलाल सिंह

कामाचे ठरावीक तास, साप्ताहिक सुट्टी, किमान वेतन हे आज कामगारांचे कायदेशीर हक्क मानले जातात. शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. कामगाराच्या पाठीशी कायदा जवळजवळ नव्हताच, त्या काळात छत्तीसगडमधील एका तरुण वकिलाने गिरणी कामगारांची बाजू घेतली. त्यांचे नाव ठाकूर प्यारेलाल सिंह.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८९१ रोजी राजनांदगावजवळील दैहान या खेड्यात झाला. राजनांदगाव व रायपूर येथे शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी नागपूर आणि जबलपूर येथे उच्च शिक्षण घेतले. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. विद्यार्थिदशेतच, १९०९ मध्ये, त्यांनी राजनांदगावात सरस्वती पुस्तकालय स्थापन केले. पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी प्रथम दुर्ग व नंतर रायपूर येथे वकिली केली.

राजनांदगाव हे त्या वेळी संस्थान होते. तेथील बंगाल नागपूर कॉटन मिलमध्ये कामगारांना रोज बारा-तेरा तास राबावे लागे. ब्रिटिश मुलखात १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा तर १९२६ मध्ये झाला. न्यायालयात दाद मागण्यासाठी कलमच नसेल, तर वकिलाने करावे काय? प्यारेलाल यांनी यावर मार्ग शोधला. त्यांनी कामगारांना एकत्र आणले, त्यांच्या मागण्या निश्चित केल्या आणि व्यवस्थापनापुढे त्या ठामपणे मांडल्या.

१९२० मध्ये या गिरणीत संप झाला. तो एक महिन्याहून अधिक काळ चालला. हातावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी ही कठोर परीक्षा होती. तरीही कामगार डगमगले नाहीत. अखेर कामाचे तास कमी करण्यात आले. असहकाराच्या चळवळीत प्यारेलाल यांनी आपली चालती वकिली सोडून दिली.

१९२४ मध्ये दुसरा संप झाला. तेव्हा संस्थानाने त्यांना हद्दपार केले. ते रायपूरला स्थायिक झाले. पण कामगारांशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. १९३७ च्या सुमारास गिरणीत पुन्हा लढा उभा राहिला. रेल्वेच्या जागेवर संस्थानाचा अंमल चालत नसे. हे जाणून त्यांनी राजनांदगावच्या रेल्वे स्थानकावर मुक्काम ठोकला आणि तेथूनच कामगारांना मार्गदर्शन केले, असे सांगितले जाते. कायद्याचे ज्ञान दुर्बलांच्या रक्षणासाठी कसे वापरावे, हे या प्रसंगातून दिसते.

या मार्गाची किंमतही त्यांना मोजावी लागली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला, दंड झाला आणि त्यांची वकिलीची सनदही जप्त झाली. उपजीविकेचे साधन गेले, तरी त्यांचे कार्य थांबले नाही. रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी तीन वेळा भूषवले. १९४५ मध्ये त्यांनी छत्तीसगडमधील विणकरांची सहकारी संस्था उभारली. १९५२ मध्ये ते रायपूरमधून विधानसभेवर निवडून आले व विरोधी पक्षाचे नेते झाले. पुढे भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून ते भूदान चळवळीत सामील झाले. त्या कार्यासाठी पदयात्रा करीत असतानाच २० ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने देशभरातील कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. असे कायदे सहजासहजी झाले नाहीत. महिनाभर चुली थंड ठेवणारे कामगार आणि सनद गमावूनही त्यांची साथ न सोडणारे प्यारेलाल यांच्यासारखे वकील, या दोघांच्याही त्यागावर ते उभे आहेत.